दुबईला टेरी टॉवेल पाठवताना 'सेपा'चं (भारत-अमिराती व्यापार कराराचं) प्रमाणपत्र : कुठून, कधी, आणि फायदा कुणाला?

यंत्रमाग_सोलापूर
नमस्कार मंडळी. दुबईच्या देरा भागातल्या एका घाऊक व्यापाऱ्याची सुती टेरी (सुताचे फासे वर असलेल्या) टॉवेलची ऑर्डर आहे. ३० बाय ६० इंच, ४५० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), ८,००० नग. न्हावाशेवा ते दुबईचं जेबेल अली बंदर, सीआयएफ (माल, विमा आणि जहाजभाडं धरून) २१,००० डॉलर. आयईसी (आयात-निर्यात नंबर), एडी कोड (बँकेची कस्टम्सकडे नोंद), एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) झालं आहे. चेंबर ऑफ कॉमर्सकडून सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा याचा दाखला) काढणार होतो, पण पार्टी म्हणते, "ते नको, सेपाचं पाठवा." दोन्हींत फरक काय? दुसरं म्हणजे, पार्टी सुचवतेय की दुबईच्या फ्री झोनमध्ये (करसवलतीच्या खास क्षेत्रात) स्वतःची कंपनी काढा, तिथून सौदीलाही माल देता येईल. हे कितपत खरं?

न्हावाशेवा_कागदपत्रं
पार्टीचं बरोबर आहे. चेंबरचं सर्टिफिकेट माल भारताचा आहे एवढंच सांगतं, त्यावर शुल्कात सवलत मिळत नाही. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातला सेपा करार १८ फेब्रुवारी २०२२ ला झाला आणि १ मे २०२२ पासून लागू आहे. सवलत हवी तर त्या करारातलं, ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्रच लागतं. ते डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) ई-सीओओ पोर्टलवर मिळतं. अर्जात करार 'भारत-यूएई' निवडायचा, मग प्रमाणपत्र देणारी संस्था. डीजीएफटीचं विभागीय कार्यालय किंवा निर्यात तपासणी संस्था चालते.

सोबत इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि खर्चाचा तक्ता लागतो. अर्ज अडकतात ते बहुतेक याच तक्त्यामुळे. "माल भारतीय आहे" असं नुसतं लिहून भागत नाही. सूत किती किलो, कोणत्या गिरणीचं, रंग-रसायनं किती, त्यातली आयात केलेली कोणती, मजुरी, वीज, पॅकिंग, नफा, हे एफओबी किमतीशी (जहाजभाडं आणि विमा सोडून, जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीशी) जुळलं पाहिजे. सूत भारतीय आणि विणकाम-रंगकाम सोलापुरात असेल तर मूळ सिद्ध करणं अवघड नाही, पण सुताची बिलं फाइलला हवीत. टेरी टॉवेलचा स्वतःचा नियम कराराच्या वस्तूनिहाय परिशिष्टात आहे. तो वाचूनच मूळ-निकषाचा रकाना भरा, अंदाजाने नाही.

एक हिशोब आधी करून ठेवा. ३० बाय ६० इंच म्हणजे साधारण १.१६ चौरस मीटर. ४५० जीएसएमला एक टॉवेल सुमारे ५२२ ग्रॅम, ८,००० नगांचं निव्वळ वजन ४,१८० किलोच्या आसपास. पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा अर्ज) आणि प्रमाणपत्र, तिन्हीकडे हा आकडा एकच असू द्या. वजन, इन्व्हॉइस नंबर आणि एचएस कोडचे (कस्टम्सच्या वस्तू-क्रमांकाचे) पहिले सहा अंक, या तीनपैकी एकातही तफावत आली की तिकडचं कस्टम्स सवलत नाकारू शकतं.

अर्ज जहाज सुटायच्या आधी टाका. जेबेल अलीला माल चार-पाच दिवसांत लागतो. माल पुढे आणि कागद मागे असं झालं तर पार्टी शुल्क भरून माल सोडवते आणि परताव्याच्या मागे तुम्हाला लावते. नंतर प्रमाणपत्र मिळण्याची सोय करारात आहे, पण ती अपवादाची वाट.

घाऊक_हिशोब
पैशाचं सांगतो, कारण यात आपले लोक नेहमी गप्प बसतात. अमिरातीचं नेहमीचं आयात शुल्क सीआयएफवर ५ टक्के. डॉलरला ३.६७२५ दिरहॅम धरले तर २१,००० डॉलर म्हणजे ७७,१२२ दिरहॅम, त्यावर शुल्क ३,८५६. सेपाचं प्रमाणपत्र असलं की हे ३,८५६ वाचतात, पण ते पार्टीचे वाचतात, तुमचे नाहीत. कागद काढायचे तुम्ही, तक्ता द्यायचा तुम्ही. म्हणून भाव ठरवतानाच बोला. निम्मा वाटा मागितला तरी नगामागे साडेसहा सेंटच्या घरात येतो, आणि टॉवेलच्या धंद्यात ही रक्कम छोटी नाही. ऑर्डर पक्की झाल्यावर हा विषय काढलात तर कुणी ऐकणार नाही.

व्हॅट मात्र माफ होत नाही. १ जानेवारी २०१८ पासून तिथे ५ टक्के व्हॅट आहे आणि तो सेपाच्या मालालाही लागतो. पार्टी नोंदणीकृत असेल तर तिला त्याचं क्रेडिट मिळतं. "सेपा असूनही ५ टक्के लागले, भाव कमी करा" असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, शुल्क की व्हॅट?

इकडचं आरओएससीटीएल (निर्यातीच्या कपड्यांवरचे राज्य-केंद्राचे कर परत देणारी योजना) वेगळं, ते तुम्हाला मिळतं. शिपिंग बिलात त्याचा दावा करायला विसरू नका. टॉवेल एचएसच्या ६३ व्या प्रकरणात येतो, त्यामुळे रोडटेप (इतर मालासाठीची तशीच परतावा योजना) नाही, आरओएससीटीएल.

फेमा_फाइल
फ्री झोन आणि सौदीबद्दल. फ्री झोनमध्ये माल आला तर त्या क्षणी शुल्क लागत नाही. तो मुख्य भूमीवर, म्हणजे देराच्या दुकानात, जाईल तेव्हा शुल्काचा प्रश्न येतो. एका कंटेनरचा माल तीन-चार पार्ट्यांना तुकड्यांनी सुटणार असेल तर प्रमाणपत्राची जुळवाजुळव किचकट होते.

सौदीची गोष्ट सरळ आहे. सेपा फक्त अमिरातीशी आहे. दुबईत शून्य शुल्काने सुटलेला टॉवेल सौदीत जाताना आखाती माल ठरत नाही, त्याला सौदीच्या तक्त्याप्रमाणे शुल्क लागतं. सौदीचा गिऱ्हाईक असेल तर सोलापुरातून थेट दमाम किंवा जेद्दाहला पाठवा. मधल्या गोदामाचं भाडं आणि हमाली वाचेल.

तरीही कंपनी काढायचीच असेल तर परवान्याची फी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर भरू नका. घोटाळा इथेच होतो. परदेशी कंपनीत भांडवल घालणं हे २२ ऑगस्ट २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांत येतं. वैयक्तिक नावावर असेल तर एलआरएसची (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. आपल्या एडी बँकेत (परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेत) फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज), त्या गुंतवणुकीचा युनिक नंबर, मग बँकेतून पैसे, सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट, आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर (त्या कंपनीचा वार्षिक अहवाल). हा क्रम उलटला की विलंब शुल्कापासून कंपाउंडिंगपर्यंत (चूक कबूल करून दंड भरून मिटवण्यापर्यंत) प्रकरण जातं. तिकडे ३,७५,००० दिरहॅमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कॉर्पोरेट कर आहे. फ्री झोनला शून्य दर आहे, पण अटी पाळल्या तरच, आणि मुख्य भूमीवरच्या विक्रीला तो सहज लागू होत नाही. २१,००० डॉलरच्या एका ऑर्डरसाठी हा व्याप करू नये, हे माझं स्पष्ट मत.

यंत्रमाग_सोलापूर
फार उपयोगी पडलं. फ्री झोनचा विषय बंद. एक राहिलं: याच कंटेनरमध्ये ५०० डझन साधे, टेरी नसलेले सुती नॅपकिनही आहेत. ते टॉवेलच्याच ओळीत घातले तर?

न्हावाशेवा_कागदपत्रं
अजिबात नको. टेरीला ६३०२.६०, टेरी नसलेल्या सुती नॅपकिनला ६३०२.९१. इन्व्हॉइसमध्ये दोन ओळी, प्रमाणपत्रातही दोन, आणि खर्चाचे तक्तेही दोन. एकाच कोडखाली दोन्ही दाखवले आणि तपासणीत गाठ उघडली तर टॉवेलची सवलतही धोक्यात येईल. नॅपकिनचे गठ्ठे वेगळे बांधून त्यांचे नंबर पॅकिंग लिस्टमध्ये लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला सगळा माल उपसावा लागणार नाही. आणि 'मेड इन इंडिया' दोन्हींवर शिवलेल्या लेबलवर असू द्या, सहज निघणारा स्टिकर नको.