लेसोथोची गुरे आणि कोकणची मनीऑर्डर

डोंगरवाट:
काल एकाने लिहिले की, दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेल्या लेसोथो या छोट्या देशातला थाबा-त्सेका हा शेती व पशुपालन सुधारण्याचा प्रकल्प फसला तो तिथल्या लोकांना बाजार कळत नसल्यामुळे, आणि मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फर्ग्युसन यांनी ‘द अँटी-पॉलिटिक्स मशीन’ (१९९०) मध्ये त्यांच्या अडाणीपणावर पांघरूण घातले. हे वाचून गप्प बसवले नाही. जागतिक बँकेच्या १९७५ च्या अहवालाने ज्या देशाला आधुनिक अर्थव्यवस्थेचा जवळजवळ स्पर्शच नाही असे ठरवले, तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत उतरत होते आणि घरे त्यांच्या मजुरीवर चालत होती. दुष्काळातही ते गुरे विकत नसत. कारण रोख पैशावर घरातले सगळे हक्क सांगतात, जनावरावर सांगू शकत नाहीत. ती म्हातारपणासाठी राखलेली घराची पुंजी होती.

सह्यकडा:
गुरांचे पटले. परंतु विकासच नको, हा सूर मला सहन होत नाही. त्या प्रकल्पातून रस्ता तरी झाला. आमच्या वाडीला रस्ता नव्हता, म्हणून अडलेल्या आत्याला डोलीतून खाली नेत असताना ती वाटेतच गेली.

डोंगरवाट:
आपले दुःख मी समजतो. पण रस्ता नको असे फर्ग्युसन कुठेही म्हणत नाहीत. शेती सुधारली नाही आणि पोलीस ठाणे व तुरुंग मात्र आले, याकडे त्यांनी बोट दाखवले आहे.

माहेरवाशीण:
तुम्ही दोघेही पुरुषांच्याच हिशेबाने बोलत आहात. गुरांचा हा नियम बायकांना जाचत होता, हेही त्याच पुस्तकात आहे. माझे आजोबा गिरणीत होते. मनीऑर्डर आली की आजी पडवीत अंगठा उठवायची आणि पैसे शेजारी उभ्या दिराच्या हातात जायचे. म्हशीचे शेणघाण, वैरण, धार सगळे तिच्याकडे. म्हैस विकली तेव्हा मात्र तिला कोणी विचारलेसुद्धा नाही.

सह्यकडा:
कोकण इथे ओढून आणू नका! खाणकामगाराला कंपाउंडमध्ये, म्हणजे खाणीच्या कुंपणबंद पुरुषवस्तीत, राहावे लागे, बायकोमुले सोबत नेण्यास कायद्यानेच बंदी होती. चाकरमान्यावर असा कोणता कायदा होता?

माहेरवाशीण:
कायदा नव्हता, जागा नव्हती. आजोबांच्या गाळ्यात पंधरा-वीस पुरुष पाळीपाळीने झोपत. आजी तिथे कुठे राहणार होती? दोन्हीकडे मालकाला माणूस हवा होता, त्याचे कुटुंब नको होते.

सह्यकडा:
एवढे मान्य. तरी कायद्याची बंदी आणि जागेची अडचण यांना मी एका मापाने मोजणार नाही.

डोंगरवाट:
मोजूही नये. मात्र मी वर ‘घराची पुंजी’ लिहिले, तिथे ‘पुरुषाची पुंजी’ लिहायला हवे होते.