मदत हवी आहे: कयाकला रॉड होल्डर ठोकले, आता आत पाणी येतंय

मंडळी, चूक माझीच आहे. आधी हसून घ्या, मग उपाय सांगा.

वर्षभरापूर्वी सेकंडहँड कयाक घेतली. दहा फुटी, वर बसायची, आतून पोकळ. लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून मालाडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरमागे उभी असते. ("ही होडी कुठल्या फ्लॅटच्या नावावर लावायची?" असं सेक्रेटरी काकांनी मीटिंगमध्ये विचारून झालंय.) पाऊस संपल्यापासून रविवारी पहाटे मार्वेहून मनोरीच्या खाडीत गरवायला जातो.

फिशिंगची तयार कयाक खिशाला परवडणारी नाही, म्हणून घरीच कामाला लागलो. प्लंबरकडे उरलेला दीड इंची पीव्हीसी पाइप आणला, फूट-फूटभराचे दोन तुकडे केले, रीळ बसायला वरच्या तोंडाला खाच पाडली आणि सीटच्या मागे चार-चार स्क्रूंनी बसवले. साधे लाकडाचे स्क्रू. दोन फेऱ्या झकास झाल्या. गेल्या रविवारी ओहोटीला काहीतरी दणकून लागलं (मी जिताडाच म्हणणार, दिसला कुठे!) आणि डावा होल्डर मुळासकट उपटला. रॉड कसाबसा हातात आला.

घरी येऊन झाकण उघडलं तर आत अडीच तांबे पाणी. भोकांच्या कडा पांढऱ्या पडल्यात, उजव्या होल्डरच्या प्रत्येक स्क्रूखाली गंजाचा तांबूस ओघळ. भोकांत एपॉक्सी पुट्टी भरली. वाळल्यावर नखाने टोकरली तर बिस्किटासारखी अख्खी निघून आली.

ही भोकं बुजवू कशी? होल्डर पुन्हा लावायचे तर कसे? आणि नांगरासाठी सीटच्या बाजूलाच एक कडी लावायचा विचार आहे, म्हणजे बसल्या जागी हात पोचेल. चालेल ना?

वल्हेबहाद्दर:
पुट्टीचा दोष नाही. कयाक पॉलिथिलीनची असते आणि त्याला एपॉक्सी, सिलिकॉन काहीच नीट धरत नाही. प्लास्टिक जेमतेम पाच-सहा मिलिमीटर जाड. त्यात स्क्रूचे दोन आटे बसणार आणि वर सात फुटी रॉडची तरफ. उपटणारच.

भोकं भरू नका, वापरा. स्टीलचे नटबोल्ट घ्या, ३१६ ग्रेडचे. ३०४ स्वस्त पडतं, पण खाऱ्या पाण्यात त्यालाही डाग धरतात. नागदेवी स्ट्रीटला सुटे मिळतील. डोक्याखाली रबरी वॉशर, आणि आतून पाठीला पट्टी हवीच. पट्टीसाठी स्वयंपाकघरातला पांढरा चॉपिंग बोर्ड कापा. तोही पॉलिथिलीनच, कुजत नाही. (घरात विचारून कापा. मी विचारलं नव्हतं.)

हात पोचत नसेल तर भोकातून दोरा सोडून झाकणातून बाहेर ओढा. त्यात आधी पट्टी ओवा, मग बोल्टच्या टोकाला घट्ट बांधून तो आतून वर खेचून घ्या. नट वरून लागतो. मला एका बोल्टला पाऊण तास लागला होता, तेव्हा चहा करून ठेवा.

मी (धागाकर्ता):
पाऊण तास गुणिले आठ! होल्डर नकोच असं वाटायला लागलंय.

खाडीकाठची:
मग नकाच लावू. फळवाल्याकडचा प्लास्टिकचा क्रेट घ्या (दुधाचा नको, तो डेअरीच्या मालकीचा असतो), पाइप त्याला केबल टायने उभे बांधा आणि क्रेट मागच्या खोलगट जागेत इलॅस्टिक दोरीने आवळा. एकही भोक नाही. गळ, पक्कड, पाणी सगळं त्यातच. रॉडला मात्र दोरी बांधलेली असू दे.

नांगराचं वाचून घाबरले. बाजूला कडी लावू नका! मनोरीच्या खाडीत सुकतीला (ओहोटीला) पाणी कसं ओढतं ते तुम्हाला माहीत आहे. नांगर मधोमध बांधला की कयाक प्रवाहाला आडवी होते, एक बाजू दबते, पाणी वर चढतं आणि पलटी. नांगर नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, किंवा मागच्या टोकालाच हवा. हात पोचायला दोन्ही टोकांना एकेक छोटी कप्पी लावून कडेने दोरीचा फेरा घ्या, त्यात एक कडी. नांगराची दोरी कडीतून घालायची आणि फेरा ओढून कडी टोकाला न्यायची. दोरी एका झटक्यात सुटेल अशी बांधा, आणि लाइफ जॅकेटला सुरी अडकवलेली ठेवा.

अजून एक, आमच्या आळीतल्या एका काकांनी शिकवलेलं: दोरी नांगराच्या बुडाला बांधा आणि वरच्या कडीशी फक्त एका बारीक केबल टायने धरून ठेवा. खडकात अडकला तर जोरात ओढा. टाय तुटतो आणि नांगर उलटा निघून येतो.

मी (धागाकर्ता):
ताई, वाचवलंत. क्रेटच करतो. जुन्या भोकांत रबरी वॉशर घालून बोल्ट बसवले, चॉपिंग बोर्ड नवीन आणून दिला. काल पार्किंगमध्ये कयाक दोन स्टुलांवर ठेवून आत दोन बादल्या पाणी ओतलं आणि मागचं टोक खाली केलं, म्हणजे पाणी बोल्टांपर्यंत चढेल. सात भोकं कोरडी, आठवं अजून थेंब-थेंब गळतंय. तिथला वॉशर तिरका बसलाय. त्याच भोकाला पुन्हा दोरा ओवायला बसलोय.