घट उठले ते भोगी: परसातल्या भाजीचे अनुभव

परतीचा पाऊस थांबला, घट उठले, आता कुदळ बाहेर काढायची वेळ. सांगलीत घरामागे माझ्याकडे 12 बाय 6 फुटांची जागा आहे. तेवढ्यात दर हिवाळ्याला माझा एकच हट्ट असतो: भोगीच्या भाजीतलं जितकं घरचं होईल तितकं घरचं. पावटा, गाजर, घेवडा, वांगं, हरभऱ्याचे सोलाणे. भोगी 13 जानेवारीला धरायची आणि तिथून मागे दिवस मोजायचे. गाजराला 90 दिवस लागतात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला बी मातीत पडायलाच हवं. गेल्या वर्षी त्या घाईत मी ओल्या काळ्या मातीतच पेरलं. वर कवच धरलं, निम्मं बी आतच राहिलं, आणि जी गाजरं आली त्यांना ढेकळं लागून दोन-दोन फाटे फुटले. यंदा वाफा वीतभर उंच केलाय, मातीत चाळलेलं शेणखत आणि रेती घातलीय.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. फसलेलंही लिहा, आणि कधी पेरलं ते आवर्जून सांगा.

कऱ्हाडहून

आमच्याकडे उसाचं पाचट हवं तेवढं मिळतं. पहिल्या वर्षी ते बारीक करून मातीत मिसळलं आणि लगेच मेथी फेकली. चौथ्या दिवशी उगवली, पण पंधरवड्यात पिवळी पडली आणि वाढच धरेना. पाणी वाढवून पाहिलं, तरी तेच. चुलत सासरे आले, मूठभर माती उकरून पाहिली नि म्हणाले, "अगं, कच्चं पाचट कुजताना मातीतलं नत्र तेच ओढून घेतं. भाजीला काय उरणार?"

तेव्हापासून पाचट मातीत घालत नाही, वर पसरते. तेही रोपांना चार पानं आल्यावर, दोन बोटं जाड. नोव्हेंबरात दिवसाआड लागणारं पाणी आता चौथ्या दिवशी दिलं तरी चालतं. काढलेलं पाचट खड्ड्यात शेणकाल्यासोबत वर्षभर कुजवते, ते पुढच्या दसऱ्याला कामी येतं.

मेथी सगळी एकदम पेरू नका. महिन्यात काढणीला येते आणि मग गल्लीभर वाटत बसावं लागतं. मी दर दहा दिवसांनी एक पट्टा पेरते. धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन डाळी करायच्या आणि रात्रभर भिजवायच्या. तरी उगवायला आठ-दहा दिवस जातातच, तोवर वाफा उकरू नये.

मिरजेजवळून

आमचं बोअरचं पाणी मचूळ आहे. हिवाळ्यात वाफ्यावर पांढरा खार फुटतो. घेवडा दोनदा लावला, दोन्ही वेळा पानांच्या कडा करपल्या आणि शेंग धरली नाही. गाजरही खुरटलं. पालक आणि बीट मात्र याच पाण्यावर उत्तम येतात, त्यामुळे आता मी त्यांच्यावरच भर देतो. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी पिंपात साठवतो आणि ते फक्त बी उगवून रोप सावरेपर्यंत वापरतो. खार कोवळ्या रोपालाच जास्त बाधतो.

सातारा, शाहूपुरी

माझी बाग गच्चीवर आहे. ऑगस्टात भरपूर ऊन असलेली जागा डिसेंबरात सावलीत गेली, कारण सूर्य दक्षिणेकडून तिरपा जातो आणि पाण्याच्या टाकीची सावली उत्तरेला लांब पडते. फ्लॉवर नेमका तिथेच होता. पानं सुपाएवढी झाली आणि गड्डा लिंबाएवढा राहिला. आता कुंड्या दसऱ्यालाच दक्षिणेच्या बाजूला हलवते. गड्डा मुठीएवढा झाला की त्याचीच पानं वर ओढून सुतळीने बांधायची, म्हणजे उन्हाने पिवळा पडत नाही.

म्हसवडहून

आम्ही माणदेशातले, पाणी मोजून वापरतो. न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भोवती वीतभर अंतरावर टोमॅटोची चार रोपं लावायची, तोंडावर झाकण ठेवायचं. पाणी झिरपून थेट मुळांशी जातं. तीन दिवसांनी एकदा भरते. दोन-तीन हिवाळ्यांनी मडक्याची छिद्रं क्षारांनी बुजतात आणि पाणी आतच राहतं, तेव्हा मडकं बदलायचं.

कोरेगावहून

वाघ्या घेवडा आमचा खरिपातला. तो निघाला की त्याच जागेत लसणाच्या पाकळ्या लावतो, ऑक्टोबर अखेरीस. बाकी काही विशेष करत नाही.

हरिपूरहून

2019 च्या महापुरानंतर आमच्या परसात वीतभर गाळ साचला होता. सुकल्यावर फरशीसारखा तडकला. सगळा उचलून टाका, असं बरेच जण म्हणाले. सासूबाईंनी निम्मा ठेवायला लावला, त्यात शेणखत घालून तीनदा कुदळला, आणि त्याच मातीत वांगी लावली. त्या हिवाळ्यात घर अजून ओलं होतं, भिंतींना वास होता, पण परसातून टोपलीभर वांगी निघाली तेव्हा सासूबाईंनी पहिली टोपली शेजारी धाडली.

वांग्याचा शेंडा मलूल दिसला की तो चार बोटं खालून खुडून टाका, आत अळी असते. ढगाळ हवेत पावट्यावर मावा येतो. निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम, गाळून संध्याकाळी फवारायचं.

आणि सांगलीच्या ताई, भोगीला घरचं वांगं हवं तर दसऱ्याला रोप जमिनीत हवं, बी नव्हे.

सांगली, पुन्हा मीच

माझं वांग्याचं बी परवाच पडलंय! म्हणजे यंदा रोपं आणावी लागणार. हरिपूरच्या ताई, तुमच्याकडची काटेरी आहेत का? चार रोपं उरली असतील तर रविवारी संगमावर येतेच आहे.