भाषेची आवृत्ती वाढवली आणि लायब्ररी लोड होईना: काय केलंत?

पायथॉन, नोड, पीएचपी, कुठलीही भाषा चालेल. लायब्ररी सापडतच नाही आणि सापडते पण लोड होत नाही, ही दोन वेगळी दुखणी आहेत. एररचा नेमका मजकूर, कारण आणि उपाय, तिन्ही लिहा. 'रीइन्स्टॉल केलं, झालं' एवढ्यावर पुढच्याचं काम भागत नाही.

* * *

पायथॉन ३.११ वरून ३.१२. प्रत्येक उपआवृत्तीचं साइट-पॅकेजेस फोल्डर (जिथे लायब्ररी इन्स्टॉल होतात) वेगळं असतं, त्यामुळे 'नो मॉड्यूल नेम्ड' येणारच. जुनं फोल्डर उचलून नव्या जागी टाकू नका. सी-मधून कंपाइल झालेल्या बहुतेक फाइलींच्या नावातच 'सीपायथॉन-३११' असतं, ३.१२ त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

आधी जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोजेक्टच्या लायब्ररींचा वेगळा संच) 'पिप फ्रीझ' करून इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसची यादी फाइलमध्ये घ्या; पिप म्हणजे पायथॉनची पॅकेजेस टाकणारं टूल. मग ते एन्व्हायर्नमेंट काढून टाका, ३.१२ ने नवं बनवा आणि त्या यादीवरून इन्स्टॉल करा. नुसतं 'पिप' लिहू नका, 'पायथॉन -एम पिप' लिहा. नाहीतर पॅकेज भलत्याच पायथॉनमध्ये जाऊन बसतं. जुना इंटरप्रीटर (म्हणजे जुन्या आवृत्तीचा पायथॉन) आधीच उडाला असेल तर फ्रीझ चालणार नाही, पण साइट-पॅकेजेसमध्ये 'नम्पाय-१.२६.४.डिस्ट-इन्फो' अशी फोल्डरं शिल्लक असतात. नाव आणि आवृत्ती तिथून उतरवून घेता येते.

* * *

वरच्यात भर. ३.१२ मधून 'डिस्टयुटिल्स' आणि 'इम्प' ही अंगभूत मॉड्यूल काढून टाकलीत, शिवाय नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स (पॅकेज बांधायची लायब्ररी) आपोआप येत नाही. डिस्टयुटिल्ससाठी सेटअपटूल्स टाकलं की बहुतेक वेळा भागतं. 'इम्प'ला असा पर्याय नाही, कोड 'इम्पोर्टलिब'वर न्यावा लागतो. ३.१३ मध्ये 'सीजीआय', 'टेलनेटलिब' धरून आणखी १९ मॉड्यूल गेली.

* * *

नोडवाल्यांनी एररमधले दोन आकडे वाचावेत, सगळं तिथेच लिहिलेलं असतं. 'नोड मॉड्यूल व्हर्जन' १०८ म्हणजे नोड १८, ११५ म्हणजे २०, १२७ म्हणजे २२. पहिला आकडा मॉड्यूल कशासाठी कंपाइल झालंय तो, दुसरा आत्ताच्या नोडला हवा असलेला. 'एनपीएम रीबिल्ड' (नोडच्या पॅकेज टूलची कमांड) पुरतं. त्यासाठी सी++ कंपाइलर आणि पायथॉन मात्र मशीनवर हवेत. इलेक्ट्रॉनचा (डेस्कटॉप अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क) आकडा स्वतंत्र असतो, तिथे साधं रीबिल्ड करून उपयोग नाही, 'इलेक्ट्रॉन-रीबिल्ड' वापरा.

* * *

पीएचपी, डेबियन-उबुंटूवर. 'अनेबल टू लोड डायनॅमिक लायब्ररी' ही एरर आली की तिच्यातल्या फोल्डरच्या पाथमधली तारीख बघा: २०२२०८२९ हे ८.२ चं फोल्डर, २०२३०८३१ हे ८.३ चं. पीएचपी.आयएनआय या सेटिंग्जच्या फाइलमध्ये एक्स्टेन्शन-डिर (एक्स्टेन्शनच्या फोल्डरचा पत्ता) हाताने लिहिलेलं असेल तर ती ओळ काढा आणि प्रत्येक एक्स्टेन्शनचं ८.३ चं पॅकेज टाका. टर्मिनलवर चालतं पण साइटवर नाही, हा प्रकार फार होतो. सीएलआय (टर्मिनलवरचं पीएचपी) आणि एफपीएमच्या (साइटसाठी पीएचपी चालवणारी सर्व्हिस) आयएनआय फाइली वेगळ्या असतात, आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर अजून ८.२ च्याच सॉकेटकडे (एफपीएमशी जोडणारी फाइल) बोट दाखवत असतो. सॉकेटचं नाव बदला, मग एफपीएम आणि एनजिनएक्स दोन्ही रीस्टार्ट करा.

* * *

कळकळीने सांगते, उबुंटूवर 'पायथॉन३' ची सिस्टिम लिंक नव्या आवृत्तीकडे वळवू नका. २२.०४ मध्ये ती ३.१० ची असते आणि 'एपीटी_पीकेजी' हे उबुंटूच्या पॅकेज व्यवस्थेचं मॉड्यूल त्याच आवृत्तीसाठी कंपाइल झालेलं असतं. लिंक हलली की ते मॉड्यूल सापडत नाही, आणि ग्नोम टर्मिनलही उघडेनासं होतं. तसं झालंच असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने कन्सोलवर जा, लिंक परत ३.१० कडे करा, आणि नवी आवृत्ती 'पायथॉन३.१२' अशी पूर्ण नावानेच चालवा.