मोबाईल दुसऱ्याच्या हातात देऊन "हे बघ" म्हणलेला व्हिडिओ

जालनेकर :
मागच्या हिवाळ्यात वडिलांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आठ दिवस पालथं पडून राहा म्हणून सांगितलं, मान खालीच ठेवायची, डोळ्यात गॅस भरलेला असतो तो पडद्याला दाबून धरतो म्हणून. दिवसभर शेताच्या बांधानं फिरणारा माणूस, दोनच दिवसात चिडचिडा झाला. तिसऱ्या दिवशी मी फोन खाटेखाली फरशीवर ठेवला आणि 'वऱ्हाड निघालंय लंडनला' लावलं. बघायचं काहीच नाही, फक्त ऐकायचं. लक्ष्मण देशपांडे म्हणजे आपल्या औरंगाबादचेच, विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे, आणि एकट्या माणसानं 52 पात्रं उभी केलेली, गिनीज बुकात नाव गेलं त्यांचं. वडिलांनी तरुणपणी प्रयोग पार मागच्या रांगेत बसून बघितलेला, म्हणजे तेव्हाही चेहरा नीट दिसला नव्हताच, आवाजच ध्यानात राहिला होता. उशीत तोंड खुपसून पडलेला माणूस आणि खांदे हलायलेत हसून हसून, आई स्वयंपाकघरातून ओरडायलीये, "आवो डोळ्याला ताण पडंल, हसू नका!" आठ दिवसांत सात वेळा ऐकलं त्यांनी. बोली आपली, माणसं आपली, त्याच्यामुळं आजारपण निभावलं असं मी मनापासून म्हणतो.

म्हणून हा धागा. लिंका टाकू नका, त्या कुठंही सापडतात. तुम्ही कोणता व्हिडिओ कोणाला दाखवला, कुठं बसून, आणि परत परत का बघता ते सांगा. विनोदी, खेळाचा, देवाधर्माचा, कोणताही चालेल.

आष्टीकर :
माझा ठरलेलाच आहे. 2022, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा, 3000 मीटर स्टीपलचेस. अविनाश साबळे आमच्या तालुक्यातल्या मांडव्याचा, शेतकऱ्याचं लेकरू, बारावी करून फौजेत गेला, महार रेजिमेंट, सियाचीनला ड्युटी केलेला पोरगा. ह्या शर्यतीत 3 फूट उंच आडवे ठोकळे 28 वेळा आणि पाण्याची उडी 7 वेळा, वरून पळायचं साडेसात फेऱ्यांच्या आसपास. 1998 पासून दर राष्ट्रकुलला तिन्ही मेडलं केनियाचीच. आणि इथं शेवटच्या फेरीत आपला गडी त्यांच्यात घुसतो. मी सकाळी पाच वाजता पोलीस भरतीच्या पोरांना रोडवर पळवतो, 1600 मीटर, 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आले तर 20 पैकी 20. पोरं दमून बसली की गाडीच्या टाकीवर मोबाईल टेकवून हा व्हिडिओ लावतो, शेवटचे दोनशे मीटर पाव स्पीडवर. किबिवोट 8:11.15, साबळे 8:11.20. पाच शतांश सेकंद, डोळ्याची पापणी लवायला पण याच्याहून जास्त वेळ लागतो. एक पोरगं मागच्या भरतीत एका मार्कानं राहिलं होतं, घरी कोणाशी बोलत नव्हतं, पळायला यायचं बंद केलं होतं. त्याला घरी जाऊन दाखवला. पहिल्यांदा काहीच बोलला नाही. मग म्हणला, "सर, पाण्याची उडी परत लावा, तो पाय कुठं टाकायलाय बघू द्या." दुसऱ्या दिवशी पाच वाजता रोडवर होता. चांदी म्हणून कोणी हळहळ केली की मला पटत नाही, ती चांदी केनियाच्या घरातून काढून आणलेली आहे आणि नवीन राष्ट्रीय विक्रम पण त्यातच झाला. पुढच्या वर्षी हांगझोला एशियाडचं गोल्ड आणलंच की त्यानं.

परभणीकर :
आमच्या वेळी व्हिडिओ शेअर करणं म्हणजे मेमरी कार्ड. स्टँडजवळच्या मोबाईल दुकानात 4 जीबीचं कार्ड द्यायचं, तीस रुपयांत भरून मिळायचं, अर्धं कीर्तन अर्धं कॉमेडी, दुकानदाराला फक्त सांगायचं "मागच्या टायमाचं नको". मग शेतातल्या आखाड्यावर लिंबाखाली चौघं पाचजण एका इवल्याशा स्क्रीनवर डोकं लावून, ऊन पडलं की कोणीतरी उपरणं धरायचं वरून. सप्टेंबर 2016 ला नेट फुकट झालं आणि ते दुकान महिन्याभरात ओस पडलं. आता प्रत्येकाच्या हातात वेगळा मोबाईल आहे, चौघं शेजारी बसून चार वेगळं बघतात. मला उपरण्याखालचं बघणं आवडायचं, खरंच लई आवडायचं.

नांदेडची सून :
माझं माहेर नर्सी नामदेव, हिंगोली जिल्हा, सासर नांदेड. लग्न होऊन आले तेव्हा गुरुद्वारा फक्त बाहेरून बघितलेला. शेजारी एक शीख भाभीजी, मराठी आपल्यासारखंच बोलतात, पहाटे त्यांच्या घरातून हुजूर साहिबचं लाइव्ह कीर्तन ऐकू यायचं. एकदा पोळ्या लाटता लाटता कानावर "नामा" आलं. हातातलं लाटणं थांबलं. मी तशीच पिठाच्या हातानं त्यांच्याकडं गेले, म्हणलं भाभीजी हे कोण? त्या म्हणल्या, "अगं तुझेच ना, भगत नामदेवजी." तेव्हा कळलं की गुरु ग्रंथ साहिबात नामदेव महाराजांची 61 पदं आहेत, महाराज पंजाबात घुमानला राहिलेले एवढं शाळेत वाचलं होतं पण हे असं रोज पहाटे गायलं जातं हे माहीत नव्हतं. चार तासांवर पण नाही माझं गाव, आणि गावातल्या बाईला शेजारच्या जिल्ह्यातली ही गोष्ट माहीत नाही!

भाभीजींनी तो व्हिडिओ मला पाठवला, एकेक ओळ थांबवून अर्थ सांगितला, मी वहीत लिहून घेतला. मग माझ्या आईला पाठवला. आईला वाचता येत नाही, ती व्हॉइस मेसेज करते. तिचा आला, मागं कोंबड्यांचा आवाज आणि ती म्हणायलीये, "बाई, भाषा कळंना पण ही ओढ आपलीच हाय." आता ठरूनच गेलंय, एकादशीला भाभीजी मला एक शबद, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबातलं पद, पाठवतात आणि मी त्यांना नामदेव महाराजांचा मराठी अभंग, कोणीतरी टाळ-पखवाजावर म्हणलेला. त्यांना नामदेव महाराजांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं ती कथा लई आवडते, दर वेळी परत सांगायला लावतात.

शहागडकडचा :
थोडं वेगळं लिहितो, पण लिहिणं गरजेचं वाटतं. आम्ही गोदाकाठचे, जायकवाडीच्या खाली. धरणाला 27 दरवाजे, पाणी सुटताना लई देखणं दिसतं, लोकं ते व्हिडिओ आवडीनं पाठवतात आणि मलापण आवडतात. पण एका रात्री पाहुण्यांच्या ग्रुपवर असाच व्हिडिओ आला, "आत्ताच सगळे दरवाजे उघडले" असं खाली लिहिलेलं. आमच्या चुलत्यानं रात्री अकराला जनावरं सोडली, म्हातारीला पाठकुळी घेऊन वरच्या वस्तीवर नेलं, पावसात. व्हिडिओ जुना निघाला. ज्यानं पाठवला त्याला वाटलं आपण भलंच करतोय, त्याला मी काही म्हणलो नाही, पण चुलती पंधरा दिवस तापानं झोपून होती. तवापासून घरात नियम केलाय, पाण्याचा व्हिडिओ आला की आधी गावातल्या माणसाला फोन, मग पुढं पाठवायचा. खऱ्या पुरात आमचं गेलेलं पीक बघितलंय, खोट्या पुरानं आणखी धावपळ नको.

धाराशिवची :
मी खो-खो खेळायचे. जिल्हा पातळीपर्यंत, मग लग्न, मग लेकरं, गुडघा. आमच्याकडं खो-खो म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही, सारिका काळे आमच्याच जिल्ह्याची, भारताची कॅप्टन होती, 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा मी भाजी निवडता निवडता रडले होते. 19 जानेवारी 2025 ला दिल्लीत वर्ल्डकपची फायनल, पोरींनी नेपाळला 78-40 नं हरवलं, पुरुषांनीपण जिंकला त्याच दिवशी. आमची प्रियंका इंगळे कॅप्टन, अख्ख्या मॅचमध्ये नजर हटंना माझी.

सासूबाईंना कधी सांगितलं नव्हतं की मी खेळायचे म्हणून, म्हणजे माहीत होतं पण बोलणं झालं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून हायलाइट्स लावले आणि थांबवून थांबवून सांगत गेले, हे बघा आत्या, ही खांबावर गेली, आता बघा कशी कमरेतनं वळती, खांबाला हात आणि अंग बाहेर, पाय घसरला की गेली. ही पोरगी सूर मारती बघा, नुसतं बोटाचं टोक लागलं पाहिजे. ही एकेरी साखळी, असं नागमोडी पळायचं, दिशा बदलता बदलता समोरचीचा दम काढायचा. सांगता सांगता मी उठून उभीच राहिले, दिवाणखान्यात मधोमध. आत्या बघत राहिल्या. मग म्हणल्या, "तू असं पळायचीस?" मी म्हणलं हो. त्यांनी मोबाईल घेतला, त्यांच्या बहिणीला फोन लावला आणि पहिलं वाक्य काय तर, "आमची सून खेळाडू हाय, तुला व्हिडिओ पाठवायला लावते."

जालनेकर :
सगळ्यांचं वाचून दाखवलं वडिलांना, त्यांचा डोळा आता बरा आहे, पाव स्पीडवरची ती शर्यत स्वतःच्या डोळ्यानं बघितली त्यांनी चार वेळा. धाराशिवच्या ताई, तुमचं लिहिलेलं माझ्या पोरीनं वाचलं, फायनल बघितली, आणि काल संध्याकाळी अंगणात दोन टोकांना दोन दांडकी रोवून मधी चुन्यानं आठ चौकोन आखले. गल्लीतली पोरं कमी भरत होती. तर आईनं पदर खोचला आणि एका चौकोनात जाऊन बसली.