पोयाच्या मधाने व प्रोपोलिसने गुडघ्यांची सूज उतरते का? सल्ला हवा

पांढरकवडा_शेतकरी: आमच्या जुन्या मातीच्या भिंतीत पोयाच्या माश्यांची वसाहत आहे. आईचे गुडघे सुजतात, आणि या डंखरहित माश्यांचा मध व प्रोपोलिस (माश्या झाडांची राळ व मेण मिसळून बनवतात तो चिकट पदार्थ) दाह कमी करतात असे ऐकले आहे. विकत घ्यावे की भिंतीतून काढावे? खर्च ५०० रुपयांच्या आत बसवायचा आहे.

धामणगावचे_काका: भाऊ, मी केरळहून अर्धा किलो मध १,८०० रुपयांना मागवला. रोज एक चमचा घेतल्यापासून मी जिना न थांबता चढतो. प्रकृतीच्या बाबतीत पैशांकडे पाहू नये.

वर्धेची_ताई: मीही मागवला होता. तो पातळ व आंबट निघाला आणि झाकण उघडताच फसफसला. ती भेसळच होती.

चंद्रपूर_मधपाळ: ताई, भेसळ असेलच असे नाही. या मधात पाण्याचे प्रमाण बहुधा २० टक्क्यांहून अधिक असते, म्हणून तो लवकर आंबतो, फ्रिजमध्येच ठेवावा. प्रोपोलिसमधील फ्लॅव्होनॉइड व फिनॉल वर्गातील द्रव्ये दाह वाढवणारे पेशींचे संदेश रोखतात, असे प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसले आहे. परंतु माश्या भोवतालच्या झाडांचीच राळ गोळा करतात, त्यामुळे ब्राझील किंवा मलेशियातील निष्कर्ष तुमच्या भिंतीतल्या वसाहतीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पावसाळा संपल्यावर वसाहत लाकडी पेटीत हलवा, म्हणजे मध स्वच्छ काढता येईल.

मेळघाटवासी: आमच्याकडे सालई भरपूर आहे आणि सांधेदुखीवर तिचा डिंक देतात, तेव्हा येथील प्रोपोलिस उत्तमच असणार.

चंद्रपूर_मधपाळ: माश्या सालईचीच राळ आणतात, हे आपण स्वतः पाहिले आहे का?

वणीची_गृहिणी: प्रोपोलिसच्या अर्काने माझे ओठ दोन दिवस सुजले होते. आधी मनगटावर एक थेंब लावून पाहा. आईंना मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय मध देऊ नका, आणि घरात एक वर्षाखालील बाळ असेल तर त्याला मुळीच चाटवू नका.

धामणगावचे_काका: पुन्हा सांगतो, केरळचाच मागवा.

पांढरकवडा_शेतकरी: सर्वांचे आभार. मी मध मागवणार नाही आणि पेटीही करणार नाही. त्या ५०० रुपयांत आईला तालुक्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेतो. भिंत यंदा सारवायची आहे. तेव्हा माश्यांच्या घराच्या तोंडाशी असलेली राळेची नळी बुजणार नाही, याची काळजी आईच घेणार आहे.