एकच चेहरा दोन्ही बाजूंना, पण एका बाजूला उलटा आणि खोलगट: हा दोष कोणत्या वर्गात मोडतो?

प्रश्न
माझ्या संग्रहातील एका नाण्याच्या दर्शनी बाजूवर चेहरा नेहमीसारखा उठावदार आहे. मागील बाजूवर मात्र तिच्या मूळ चित्राचा मागमूसही नाही. त्याऐवजी तोच चेहरा आरशात दिसावा तसा उलटा, आत दबलेला आणि मूळच्यापेक्षा किंचित मोठा दिसतो. वजन प्रमाणित वजनाइतकेच भरते. ही ठशांची (नाणे छापणाऱ्या साच्यांची) टक्कर समजावी, की कोणी दोन नाणी व्हाइसच्या पकडीत दाबून केलेली करामत? दुसऱ्या एका नाण्यावर वर्षाचे आकडे दुहेरी दिसतात. त्याबद्दलही मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
वर्णनावरून हे ब्रोकेज वाटते. छापलेले नाणे बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहिले आणि त्याखाली नवी कोरी चकती आली, की चकतीच्या एका बाजूवर खऱ्या ठशाची छाप उमटते, तर दुसरीवर त्या चिकटलेल्या नाण्याच्या उघड्या बाजूची उलटी, खोलगट प्रतिमा. ती उघडी बाजूही समोरच्याच ठशाने छापलेली असल्यामुळे दोन्हीकडे एकच चेहरा येतो. चिकटलेले नाणे प्रत्येक आघाताबरोबर पसरत जाते, म्हणून पहिली प्रतिमा रेखीव असते आणि पुढच्या मोठ्या व विस्कटलेल्या होत जातात. आपली प्रतिमा किंचितच मोठी असल्याने ती सुरुवातीच्या काही आघातांतली असावी.

टक्कर यात बसत नाही. मध्ये चकती नसताना ठसे एकमेकांवर आदळले, तर त्या बाजूचे स्वतःचे चित्र कायम राहते आणि मोकळ्या जागेत दुसऱ्या बाजूच्या फक्त पुसट बाह्यरेषा उमटतात. व्हाइसमध्ये दाबलेल्या नाण्यावर मूळ चित्राचे चेपलेले अवशेष भिंगाखाली जवळजवळ नेहमी सापडतात, शिवाय पलीकडची बाजूही सपाट झालेली असते. दर्शनी चेहऱ्याचे उंच भाग नीट तपासा. ते चेपलेले असतील तर माझे मत मागे घेतो.

प्रतिसाद २
दुहेरी आकड्यांबाबत घाई करू नये, कारण अशा बहुतेक नाण्यांवर यांत्रिक दुहेरीपणाच निघतो. छाप बसल्यानंतर सैल ठसा किंचित सरकला, की तो आकड्याची कड खरवडतो. परिणामी सपाट, पायरीसारखी पट्टी दिसते आणि मूळ आकडा अरुंद होतो. खरा दुहेरी ठसा मात्र ठसा घडवतानाच, त्यात मूळ चित्र दुसऱ्यांदा दाबतेवेळी जुळणी चुकल्याने तयार होतो, म्हणून त्यातील दोन्ही प्रतिमा गोलसर व उठावदार असतात, आकडा रुंदावतो आणि टोकांशी खाच दिसते. अमेरिकेच्या 1955 सालच्या एक सेंट नाण्यावरील दुहेरी अक्षरे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात ती यामुळेच. त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष तसाच येतो, त्यामुळे जुळे नाणे मिळाले तर निदान बरेच सोपे होते.

प्रश्नकर्ता
चेहऱ्याचे उंच भाग शाबूत आहेत आणि मागे चेपलेले काहीच सापडले नाही. आकड्याशेजारी मात्र सपाट पायरीच आहे, तेव्हा तो विषय मिटला. पण ब्रोकेजमध्ये चिकटलेले नाणेच ठशाचे काम करते, मग हा दोष ठशाचा का म्हणू नये?

प्रतिसाद १
चकतीचा, ठशाचा आणि छापण्याचा दोष अशी रूढ विभागणी बिघाड कोठे झाला यावर आधारलेली आहे. येथे खऱ्या ठशात काहीही बदल झाला नाही. चिकटलेले नाणे गळून पडताच पुढची नाणी पुन्हा बिनचूक निघतात, म्हणून नोंद छापण्याच्या दोषांतच करावी. ठशाला तडा गेला असता, तर तो पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटला असता आणि बहुधा वाढतही गेला असता. सीमेवरचे प्रकार अर्थातच आहेत: चकतीचा तुकडा आधीच कापला गेलेला असेल, तर त्याच्या बरोबर समोरची कड फिकी पडते आणि ती पाहून अनेक जण कमकुवत छाप अशी चुकीची नोंद करतात.